पिशवी काढायची घाई कशाला?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय ३८, राहते कळंबला. शिबिरात पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी केली, तो कर्करोग करू शकणाऱ्या एचपीव्ही विषाणूची टेस्ट पॉझिटिव्ह निघाली. कागदावर १६ आणि १८ हे विषाणूचे जास्त धोक्याचे प्रकार निगेटिव्ह, 'इतर प्रकार' पॉझिटिव्ह असं आहे. पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वर्षाने या. गोळी एकही दिली नाही. जाऊ म्हणते, पिशवीच काढून टाक. नवरा पंधरा दिवस धड बोललेला नाही. मुलगी बारा वर्षांची आहे, तिलाही होईल का?

उत्तर : ताई, गोळी दिली नाही कारण हा विषाणू मारणारी गोळीच नाही. कुणी 'एचपीव्हीचा कोर्स' म्हणून पुड्या विकत असेल तर पैसे जपा. बहुतेक बायकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला स्वतःच हुसकून लावतं. तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही, तुमच्या रिपोर्टला वर्षाने फेरतपासणी हेच बरोबर आहे.

आम्ही उपचार करतो ते विषाणूमुळे पिशवीच्या तोंडाशी बिघडलेल्या पेशींवर. पुढच्या वर्षीही पॉझिटिव्ह आलात तर कॉल्पोस्कोपी होईल. पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखंच, लावून दुर्बिणीतून बघतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो, त्याचा कण तपासायला पाठवतात. बदल जास्त असतील तर तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या लूपने काढतात. जागा बधिर करून थोड्या वेळात होतं, त्याच दिवशी घरी. पेशी बिघडून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून हा वेळ आपल्या हातात असतो.

पिशवी काढून विषाणू जाईलच असं नाही, तो योनीच्या त्वचेतही राहू शकतो. वर अंडाशयंही काढली तर चाळिशीआधीच पाळी गेल्याचे सगळे त्रास. जाऊबाईंना एवढं सांगा.

तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला होता, २००९ साली छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्यांच्या जवळपास निम्मे होते.

पण माझ्याकडे बायका 'वर्षाने' म्हटलं की सहा वर्षांनी उगवतात. तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा. संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं तर तारखेची वाट न बघता दाखवा.

मुलीला तुमच्यामुळे होणार नाही. तिला लस द्या, या वयात सहसा दोन डोस पुरतात. तुमचा आत्ताचा संसर्ग मात्र लसीने जात नाही.

राहिले नवरोजी. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. लग्नाआधीचा असेल, नंतरचा असेल, त्यांच्याकडून तुम्हाला आला असेल; कुठल्याही रिपोर्टवरून ते कळत नाही, तेव्हा संशयाला जागा नाही. हे पान त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी उघडं ठेवा.