चर्चची शाळा आणि आपलं मूल: ‘सर्वांना सामावून घेणारी’ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय, तुमची मुलगी पुढच्या सप्टेंबरात इथे इंग्लंडमध्ये रिसेप्शनला, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या पहिल्या वर्गात, जाणार. घरापासून पाच मिनिटांवर चांगली शाळा आहे, पण ती चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे इथल्या अँग्लिकन चर्चची. शाळेने स्वतःची ओळख ‘सर्वांना सामावून घेणारी ख्रिस्ती प्राथमिक शाळा’ अशी करून दिली आहे, आणि सासूबाई पुण्याहून रोज फोनवर विचारताहेत, ‘पोरीला बाटवणार तर नाहीत ना?’ शाळेच्या उपासनेतून तिला बाहेर ठेवावं का, हाही तुमचा प्रश्न आहे. माझी दोन्ही मुलं लेस्टरमधल्या अशाच शाळेत शिकली आणि मी तिथे चार वर्षं पालक-गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळावर पालकांची प्रतिनिधी, होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचं. नाही, बाटवत नाहीत. बाप्तिस्मा हा चर्चमध्ये, आईवडिलांनी स्वतः मागून घ्यायचा विधी आहे. शाळेच्या हजेरीपटाशी त्याचा संबंध नाही. तरी त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. खुद्द इंग्लंडमध्ये ही भीती होती. चर्चच्या नॅशनल सोसायटीने १८११ पासून गरिबांच्या मुलांसाठी ठिकठिकाणी शाळा उभ्या केल्या. सरकारी शाळा आल्या त्या १८७०च्या कायद्यानंतर. तोवर कित्येक गावांत शाळा एकच आणि तीही चर्चची. मग मेथडिस्ट, बाप्टिस्ट अशा दुसऱ्या ख्रिस्ती पंथांच्या घरातल्या मुलांनाही अँग्लिकन धर्मपाठ घोकावे लागत. त्यावरून बरीच भांडणं झाली आणि त्याच १८७०च्या कायद्यात मुलाला धर्मशिक्षणाच्या तासातून बाहेर ठेवण्याचा हक्क पालकांना मिळाला. तो आजही आहे, कारणसुद्धा द्यावं लागत नाही.

आज अशा साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत. इंग्लंडमधल्या दर चार प्राथमिक शाळांतली साधारण एक चर्च ऑफ इंग्लंडची असते. फी नाही, शिक्षकांचे पगार सरकारी पैशातून, ऑफस्टेडची, म्हणजे सरकारी शाळा-तपासणी संस्थेची, तपासणी इतर शाळांसारखीच. तेव्हा आपल्याकडच्या कॉन्व्हेंटचं चित्र डोळ्यांसमोरून काढून टाका, ही वस्तीतली साधी शाळा आहे. आणि प्रार्थना टाळायची म्हणून दुसरी शाळा शोधत असाल, तर हेही ऐका: कायद्याने इथल्या सगळ्याच सरकारी शाळांत रोज सामूहिक उपासना व्हायला हवी, आणि चर्चशी संबंध नसलेल्या शाळांतही ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी असं त्यात म्हटलंय. बऱ्याच शाळा ते फारसं मनावर घेत नाहीत, हा भाग वेगळा.

आता ‘सामावून घेणारी’ या शब्दाकडे येते. आपले काही लोक त्याचा अर्थ ‘ख्रिस्तीपण नावापुरतं’ असा घेतात. काहींना वाटतं, ‘आम्हाला चालवून घेतात, एवढंच.’ मला त्याचा अर्थ कळला तो एका संत्र्यामुळे.

डिसेंबरात क्रिस्टिंगल नावाचा, नाताळाच्या सुमारासचा चर्चचा कार्यक्रम असतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक संत्रं. संत्रं म्हणजे जग, त्याला बांधलेली लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, चार बाजूंना टोचलेल्या काड्या म्हणजे चार ऋतू, काड्यांवरचा सुकामेवा किंवा गोळ्या म्हणजे देवाने दिलेलं अन्न, आणि मधोमध खोचलेली मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश, येशू. माझी लेक रिसेप्शनमध्ये होती त्या वर्षी काड्यांना मऊ, रंगीत जेलीच्या गोळ्या लावल्या होत्या. वर्गातल्या टीएने (शिक्षकांच्या मदतनीस बाईंनी) ऐन वेळी पाकिटामागचं वाचलं, तर त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांपासून काढलेला पदार्थ. तिने घाईघाईने माझ्या लेकीच्या आणि पाच मुस्लिम मुलांच्या संत्र्यांवरच्या गोळ्या काढून टाकल्या. तिच्या मनात काळजीच होती, दुसरं काही नाही. पण हॉलमध्ये तीस मुलं रांगेने उभी राहिली तेव्हा त्यातली सहा संत्री बोडकी, आणि ती कुणाची हे सगळ्यांना दिसत होतं. घरी आल्यावर लेकीने विचारलं, ‘आई, माझ्या संत्र्याला ऋतू का नव्हते?’

मी हेडटीचरना जाऊन भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. पुढच्या वर्षी सगळ्यांच्याच काड्यांवर बेदाणे होते. धाकटा शाळेतून बाहेर पडेपर्यंत बेदाणेच राहिले. मेणबत्ती तीच, फीत तीच, व्हिकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सांगायचे तो अर्थही तोच, एक अक्षर कमी नाही. आपल्या श्रद्धेला धक्का न लावता त्यांनी जे बदलता येण्यासारखं होतं ते बदललं, आणि आमच्या मुलांपुरतं न बदलता सगळ्यांसाठी बदललं. शाळा बघायला जाल तेव्हा मी हेच शोधायला सांगेन.

प्रार्थनेचंही तसंच. आमच्याकडे प्रार्थना सांगणारा आधी म्हणायचा, ‘ज्यांना ही आपली प्रार्थना वाटते त्यांनी शेवटी आमेन म्हणा, बाकीच्यांनी शांत बसून विचार करा.’ चर्चचं स्वतःचं मार्गदर्शनही हेच सांगतं, की उपासना आमंत्रण देणारी असावी, लादलेली नसावी. माझा मुलगा हात जोडायचा, कारण घरी देवापुढे जोडायची सवय. मुलगी नुसती बसायची. सात वर्षांत दोघांनाही कुणी काही बोललं नाही. धर्मशिक्षणात ख्रिस्ती धर्माचा वाटा सगळ्यात मोठा असतो हे खरं, पण हिंदू, इस्लाम, शीख, ज्यू हे धर्मही शिकवतात, आणि आमच्याकडे तरी मनापासून शिकवत.

दुसरी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. इथल्या शाळांत ‘इन्क्लुझिव्ह’ म्हटलं की आधी विशेष गरजा असलेली मुलं डोळ्यांपुढे येतात, धर्म नंतर. आमच्या शाळेत एका मुलाला हॉलमधला गाण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. तो दाराजवळच्या बाकावर आवाज अडवणारे मफ्स कानांवर लावून बसायचा, शेजारी टीए, नको झालं की दोघं बाहेर. शेवटच्या आशीर्वादाला मात्र तो हमखास परत यायचा, कारण व्हिकरनी त्याच्यासाठी आशीर्वादाच्या मॅकॅटॉनच्या (बोलायला अडचण असलेल्यांसाठीच्या हातांच्या खुणांच्या पद्धतीतल्या) खुणा शिकून घेतल्या होत्या, आणि पाहता पाहता सगळी शाळाच हातांनी आशीर्वाद म्हणू लागली. गव्हर्नर म्हणून मी पैशांची ओढाताण जवळून पाहिली आहे. टीएचे तास कापायची वेळ आली की शाळेचं बोधवाक्य किती खरं ते कळतं. चर्चने २०१६ साली आपल्या शाळांसाठी जे ध्येयपत्र काढलं, त्याच्या मुळाशी योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन आहे, लोकांना विपुल जीवन मिळावं म्हणून येशू आला, आणि सुज्ञता, आशा, समुदाय, प्रतिष्ठा असे चार शब्द त्यात मांडलेत. ते शाळेत उतरतात की नाही हे पाहायला ‘सायम्स’ नावाची वेगळी तपासणी असते. तुमच्या शाळेचा तो अहवाल काढून वाचा, ऑफस्टेडच्या अहवालापेक्षा त्यात शाळेचा स्वभाव जास्त कळतो.

आता उपासनेतून मुलीला बाहेर ठेवावं का, या तुमच्या प्रश्नाकडे येते. हक्क आहे, पूर्ण किंवा ठरावीक भागापुरताही. पण चार वर्षांचं मूल रोज एकटं लायब्ररीत बसतं तेव्हा त्याला नेमकं काय वाटत असेल, याचा आधी विचार करा. आम्ही तो हक्क वापरला नाही. घरी संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती म्हणत राहिलो, आणि मुलांना ती दोन्ही आपलीच वाटली.

प्रवेशाचं मात्र नीट बघा, कारण खरी गोम तिथे आहे. शाळा ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ असेल तर प्रवेश काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, नियमांनी, बहुतेकदा भावंडं आणि अंतर पाहून. ‘व्हॉलंटरी एडेड’ असेल तर नियम शाळेचं गव्हर्निंग बोर्ड ठरवतं, आणि अर्ज जास्त आले तर चर्चला नियमित जाणाऱ्यांना आधी घ्यायची त्यांना मुभा असते. काही शाळांनी ती अट आपणहून सोडली आहे, काहींनी नाही. आमच्या घरासमोरच अशी एक शाळा होती. तिथे चर्चच्या हजेरीवर व्हिकरची सही लागायची, तेव्हा आमचा नंबर लागणं शक्यच नव्हतं. ती शाळाही स्वतःला सर्वांची म्हणायची. ते मला तेव्हा लागलं आणि आजही पटत नाही: दारात हजेरी विचारणाऱ्या शाळेने हा शब्द वापरू नये.

तेव्हा आधी शाळेचं प्रवेश-धोरण उघडून ‘एडेड’ की ‘कंट्रोल्ड’ ते पाहा. काउन्सिलकडचा अर्ज १५ जानेवारीच्या आत जायला हवा, उत्तर १६ एप्रिलला येतं. शाळेचा स्वतःचा पुरवणी फॉर्म असेल तर तो काउन्सिलकडे न पाठवता बहुधा थेट शाळेत द्यावा लागतो, आणि चर्चच्या जागांखेरीज काही जागा वस्तीतल्या मुलांसाठी किंवा इतर धर्मीयांसाठी ठेवल्या आहेत का तेही त्याच धोरणात लिहिलेलं असतं.