बोर्दोची पहिली बाटली घेताना

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या लाफीत, मार्गो या शातोंची (वाईन बनवणाऱ्या मळ्यांची) नावं ऐकून सुरुवातीलाच खिसा रिकामा करू नकोस. तिथल्या शातोंना श्रेणी देणारी 1855 ची यादी आजही भाव ठरवते, पण ती जवळजवळ गोठलेली आहे. मूताँ रोथशिल्डला पहिल्या श्रेणीत यायला 1973 उजाडलं. लँश-बाज कागदावर पाचव्या श्रेणीत, पण जाणकार तिला कितीतरी वर मानतात. तू आधी अशा शातोंची ‘दुसरी वाईन’, म्हणजे मुख्य वाईनच्या खालची, शोध. तरुण वेलींची द्राक्षं बहुतेकदा तिच्यात जातात.

बोर्दोत नदीच्या डाव्या तीरावरच्या मेदोकची वाईन काबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षामुळे कोवळ्या वयात जीभ आवळते, सुपारीसारखी. तासभर आधी काचेच्या सुरईत ओतून ठेव. नाहीतर सरळ उजव्या तीरावरची सेंत-एमिलियों घे. तिथे मर्लो द्राक्षाचं राज्य, वाईन मऊ. आणि आपल्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवच; 16-18 अंशांवर तिचा खरा गंध कळतो.