विश्वास तिथल्या तिथेच का?

प्रश्न : रोज बायबल वाचते, उपासना चुकवत नाही, तरी विश्वास वाढत नाही. काय चुकतं?

उत्तर : ताई, वाचन पुरेसं आहे, अडतं बहुधा पाळण्यात. लूक 17 मधले दहा कुष्ठरोगी येशूनं सांगितलं म्हणून याजकांकडे निघाले आणि वाटेत शुद्ध झाले. निघताना अंगावर डाग होतेच!

मत्तय 5:23-24 घ्या : वेदीवर अर्पण वाहण्याआधी दुखावलेल्या भावाशी समेट कर. तुमच्यामुळे दुखावलेल्या एकाच व्यक्तीचं नाव वहीत लिहा, रविवारच्या आत फोन करा. ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणा, ‘पण तूही...’ जोडलंत की फिसकटलं. ‘सर्वांवर प्रीती करीन’ असले मोघम संकल्प मंगळवारपर्यंत विरतात. समोरच्यानं फोन आपटला, तरी रोमकरांस 12:18 (‘तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीनं राहा’) प्रमाणे तुमचा वाटा तुम्ही उचललात. मारहाण करणाऱ्याकडे मात्र एकट्यानं जाऊ नका; आधी चर्चच्या पाळकांशी बोला.