काळे प्लॅस्टिकचे आरसे गाडीच्या रंगाचे करायचे तर रंग टिकतो का?

तुमचा प्रश्न असा की हॅचबॅकच्या बेस मॉडेलचे काळे, दाणेदार आरसे सिल्व्हर बॉडीच्या रंगाचे करायचे आहेत. स्प्रे कॅनने घरी जमेल का आणि रंग टिकेल का? जमेल. रंग मारणं त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, टिकायचं न टिकायचं ते त्याआधीच ठरून जातं.

आधी आरशाच्या कव्हरची आतली बाजू बघा. बहुतेक वेळा तिथे प्लॅस्टिकचं नाव ठसवलेलं असतं. एबीएस किंवा एएसए असेल तर रंग चांगला धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर साधा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, त्यावर नुसता बसून राहतो आणि थोड्याच दिवसांत नख लावलं की पापुद्रा सुटतो. ठसा सापडत नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा घासा. एबीएस चिकट होतं, पीपीला काहीच होत नाही. तुकडा पाण्यात टाकून बघायची युक्तीही सांगतात. तरंगला तर पीपी समजायला हरकत नाही, पण बुडाला म्हणून एबीएस ठरत नाही. टाल्क (एक खनिज भुकटी) भरलेलं पीपीही बुडतं.

आरसा गाडीवर ठेवून, वर्तमानपत्र चिकटवून रंगवू नका. कडा नेमक्या तिथेच उचलल्या जातात. दाराच्या आतली तिकोनी पट्टी काढली की बहुतेक गाड्यांत तीन बोल्ट किंवा नट दिसतात. सोडवण्याआधी खालच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर नट दाराच्या पोटात पडतो आणि मग दाराचं आतलं पूर्ण पॅड उघडावं लागतं. काच क्लिपवर असते. हेअर ड्रायरने कोमट करून, एका बाजूने आत दाबून दुसरीकडून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. कव्हर वेगळं निघत असेल तर एकदा पार्ट्सच्या दुकानात चौकशी करा. वरच्या मॉडेलचं गुळगुळीत, रंगवायचं कव्हर तुमच्या आरशाला बसत असेल तर निम्मी मेहनत वाचते.

आता धुणं. काळ्या प्लॅस्टिकवर आजवर जे डॅशबोर्ड पॉलिश फासलं गेलंय त्यातलं सिलिकॉन दाण्यांत मुरलेलं असतं. रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात ते त्यामुळेच. भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन दोनदा धुवा, वाळवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा: एका फडक्याने लावायचं, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर इथे नको, एबीएसला बारीक तडे जातात. यानंतर हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.

दाणा घालवायचा म्हणून पीपीवर जाड पॉलिश पेपर चालवलात तर त्यावर लव उठते, आणि ती रंगाखालून दिसते. पीपीला लाल स्कॉच-ब्राइट घासणीने ओलं घासून चमक मोडली की पुरे. एबीएस असेल तर 240 आणि मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने दाणा बराच खाली नेता येतो. उरलेला दाणा प्रायमरने भरायचा.

पीपीवर प्रायमरच्या आधी प्लॅस्टिक अ‍ॅडहिजन प्रमोटर, म्हणजे पकड देणारा थर, लागतोच. तो पारदर्शक असतो, म्हणून लोकांना वाटतं लागलाच नाही आणि ते जाड थर मारतात. एक-दोन अगदी पातळ हात पुरेत. तो घासायचा नाही, आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच पुढचा थर द्यायचा. वेळ उलटली तर पकड जाते.

त्यावर राखाडी हाय-बिल्ड (जाड बसणाऱ्या, दाणा भरणाऱ्या) प्रायमरचे दोन-तीन हात, प्रत्येकी 10-15 मिनिटांच्या अंतराने. रात्रभर वाळू द्या. घाई केली तर प्रायमर नंतर आकसून खाली बसतो आणि महिन्याभराने दाणा परत वर दिसतो. मग 600 आणि शेवटी 800 नंबरच्या वॉटर पेपरने घासा. सिल्व्हरखाली 400 चे ओरखडे लपत नाहीत. कडांवर प्रायमर फुटून प्लॅस्टिक दिसलं तर तिथे परत प्रमोटर, परत प्रायमर.

रंग नावाने मागू नका, गाडीवरच्या माहितीच्या पट्टीवरचा रंगाचा कोड द्या. दोन आरशांना प्रत्येकी 400 मिलीचा एक कॅन पुरतो. कोड बरोबर असला तरी जुनी बॉडी फिकी झालेली असते, म्हणून आधी एका कार्डावर रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारा आणि दिवसाउजेडी दाराशी धरून बघा. मेटॅलिकचे कण थर कसा पडतो त्यावर वेगळे बसतात आणि छटा बदलते. त्यामुळे दोन्ही आरसे गाडीवर असतात तसेच उभे टांगून, एकाच बैठकीत रंगवा. 20 सेंटीमीटरवरून दोन-तीन हात, शेवटचा 30 सेंटीमीटरवरून हलका फवारा. त्याने ढगासारखे पट्टे मोडतात.

क्लिअर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा दोन-घटकी, घ्या. साधा एक-घटकी क्लिअर पेट्रोलच्या फडक्याने मऊ पडतो. टू-केमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज आणि त्यावर बारीक कणांचा फिल्टर असलेला मास्क नसेल तर हा एक टप्पा रंगवाल्याकडून करून घ्या, मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही. भर पावसाळ्यात काम काढू नका. दमट हवेत थर पांढुरका पडतो, कोकणात आणि मुंबईत तर हमखास.

आरसा जिथे दुमडतो तो सांधा आणि खालचं पाण्याचं भोक फवारणीला लागण्याआधीच टेपने झाका. सांध्यात रंग गेला तर पहिल्याच दुमडण्यात खरवडतो. बसवण्याआधी निदान 24 तास, आणि प्रेशर वॉशर आठवडाभर लांबच.