कार्ड आहे, व्हिसा नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक अफगाण विद्यार्थी भाड्याने राहतो. त्याचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. दिल्लीच्या यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) कार्यालयातून निर्वासित म्हणून कार्ड मिळालंय, आता व्हिसा लागणार नाही, असं तो म्हणतो. खरं आहे का? आम्ही अडचणीत येऊ का?

उत्तर : खरं नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही; निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. कार्ड जवळ असावंच, पोलिसांना नि कोर्टात दाखवता येतं. पण वास्तव्य कायदेशीर की नाही, हे व्हिसावरच ठरतं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्टनुसार मुदत संपूनही राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून मुदत संपण्याआधीच ई-एफआरआरओ पोर्टलवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर) अर्ज करायला सांगा. पासपोर्ट, चालू व्हिसा, फोटो, कॉलेजचं बोनाफाईड आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पत्ता सगळीकडे अक्षरशः एकच हवा. भाडेकरारात एक आणि फॉर्म III मध्ये (पूर्वीचा फॉर्म सी; यात घरमालक परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला देतो) दुसरा असला की अर्ज अडकलाच. मायदेशी छळाची भीती असल्यास दीर्घ मुदतीचा व्हिसा मागता येतो. तो देणं-न देणं गृह मंत्रालयाच्या हाती असतं. पासपोर्टच संपत आला असेल तर थेट स्वतःच्या देशाच्या दूतावासात जाण्याआधी वकिलाला विचारावं. ज्या सरकारची भीती सांगायची त्याच्याकडेच संरक्षण मागितलं, असा त्याचा अर्थ निघून निर्वासितपणाचा दावा कमजोर होऊ शकतो.

तुमच्या बाजूने : परदेशी माणूस राहायला आल्यापासून २४ तासांत फॉर्म III भरायचा असतो. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं ही महाराष्ट्रात घरमालकाची जबाबदारी आहे. ‘आधार काढून देतो’ म्हणणारा एजंट मात्र दारातूनच परत पाठवा. मुदत संपलेला व्हिसा ही एक चूक. बनावट कागदांवर राहणं हा त्याहून मोठा गुन्हा, त्याला २ ते ७ वर्षं कैद आहे.

प्रश्न : अशा माणसाला पकडलं तर सरळ परत पाठवतात का?

उत्तर : तसं पाठवता येत नाही, ठरलेली प्रक्रिया पाळावी लागते. चकमा निर्वासितांच्या खटल्यात (१९९६) सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम २१ चं (जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं) संरक्षण परदेशी माणसालाही दिलं. पण २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांना परत पाठवण्यास स्थगिती द्यायला याच कोर्टाने नकार दिला. देशात राहण्याचा हक्क फक्त नागरिकांचा, असं तिथे म्हटलंय. त्यामुळे जुन्या निकालांवर फार विसंबू नये. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. कोठडीतल्या कुणालाही, नागरिक असो-नसो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तिथे साधा अर्ज पुरतो, तो नातेवाईकही देऊ शकतात.

प्रश्न : इथे जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळतो का?

उत्तर : मिळतो. पालकांकडे कागद नसले तरी २१ दिवसांत नोंद करा. दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही. शाळाप्रवेशाच्या वेळी मात्र तो उपयोगी पडतो.