चौथ्या पानावरची स्कूटर

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यावर लघुपट करण्याचा तुझा विचार मला पटला. मात्र त्या बारा पानांत माणसे चार वेळा रडतात, हार घातलेला फोटो तीनदा दिसतो आणि दहाव्याच्या पिंडाला शिवायला कावळाही वेळेवर येतो. प्रेक्षकाने हे इतक्यांदा पाहिले आहे की तो त्यापाशी थांबणार नाही. चौथ्या पानावर मात्र तू एका ओळीत लिहून पुढे गेला आहेस की, आई रोज सकाळी बाबांची स्कूटर किक मारून सुरू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. त्या आईला स्कूटर चालवता येत नाही. माझ्या मते तुझा चित्रपट तोच आहे. बाकीची पाने निःसंकोच काप.

हा प्रसंग घाईने उरकू नकोस. पदर खोचणे, चोक ओढणे, पहिल्या दोन किक वाया जाणे, मग धूर आणि मग हँडलवर हात ठेवून नुसते उभे राहणे, या सगळ्याला एकाच स्थिर चौकटीत लागेल तेवढा वेळ दे. संकलक कुरकुर करील, करू दे. इंजिन बंद केल्यावर तापलेला सायलेन्सर गार होताना बारीक टकटक वाजत राहतो. माईक जवळ नेऊन तो आवाज वेगळा ध्वनिमुद्रित कर आणि त्याच पार्किंगमधली मिनिटभराची शांतताही टिपून ठेव, कारण दोन तुकड्यांचे आवाज सांधताना तीच कामी येते. तिथे ट्यूबलाइट असेल तर आपली वीज 50 हर्ट्झची आहे हे लक्षात घेऊन सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेव, नाहीतर चित्र लुकलुकते. डिकीत बाबांच्या नावाचे आरसी बुक आणि मुदत संपलेली पीयूसी असू दे. ती उघडून दाखवायची गरज नाही. नटीला ठाऊक असले की पुरे.

या प्रसंगावर तू बासरी सुचवली आहेस. ‘पथेर पांचाली’त (1955) मुलगी दुर्गा वारल्याचे ठाऊक नसलेला हरिहर तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो तेव्हा दिग्दर्शक सत्यजित राय यांनी त्याच्या बायकोचा, सर्बजयेचा, आक्रोश ऐकू येऊ दिला नाही, तिथे तारशहनाई हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य वाजते. ते वाद्य तिच्या आवाजाची जागा घेते, तुझी बासरी मात्र स्कूटरच्या आवाजावर नुसती अंथरलेली आहे.

आणखी एक, स्वतःच्या आईला या भूमिकेत घेऊ नकोस. तरुणपणी मी काका गेल्यावर महिन्याच्या आत काकूला कॅमेऱ्यासमोर बसवले आणि प्रकाश चुकला म्हणून सगळे पुन्हा सांगायला लावले. तिने सांगितले, शब्द तेच, थांबलीही त्याच ठिकाणी. ती फीत मी पुढे कधी जोडलीच नाही.

अनुभवी नटी शोध. स्कूटर कोणाचीही चालेल, फक्त ती जुनी असावी आणि आदली रात्रभर बंद उभी असावी. तापलेले इंजिन पहिल्याच किकला सुरू होते आणि आपल्याला तिसरी किंवा चौथी किक हवी आहे. म्हणजे सकाळी एकच टेक मिळेल, तेव्हा चित्रीकरणासाठी निदान चार दिवस धर.

तुझा,
सर