वाचकांचे प्रश्न : अब्बासी काळातला प्रांतातला काझी

प्रश्न : अब्बासी खिलाफतीत दूरच्या प्रांतातला काझी कोणाचा माणूस असे, सुभेदाराचा की खलिफाचा?

उत्तर : आधी सुभेदाराचा, नंतर खलिफाचा. अब्बासींच्या आधीच्या उमय्या घराण्याच्या काळात बहुधा सुभेदारच काझी नेमत आणि काढून टाकत. खलिफा मन्सूरने हिजरी १५५ मध्ये (इ.स. ७७१-७२) अब्दुल्ला इब्न लहीआ याला इजिप्तचा काझी म्हणून थेट नेमले, पगार महिना ३० दिनार. पुढे खलिफा हारून अल-रशीदने कायदेपंडित अबू युसुफला मुख्य काझी केले आणि नेमणुकांत राजधानी बगदादचा शब्द वजनदार झाला. तरी काझीच्या हाताशी फौज नव्हती. शुर्ता, म्हणजे पोलीस, सुभेदाराच्या हुकमात. चोऱ्यामाऱ्या, दंगे बहुतेक तेच पाहत. बाजारातली वजने-मापे मुहतसिबाकडे, म्हणजे बाजार-तपासनिसाकडे. काझीकडे कर्ज, खरेदी-विक्री, विवाह, वारसा, अनाथांची मालमत्ता आणि वक्फ, म्हणजे धर्मादाय मालमत्ता. सुभेदाराच्याच जुलमाची तक्रार असेल, तर त्यासाठी मझालिमचा वेगळा दरबार होता.

प्रश्न : नवा काझी रुजू झाल्यावर पहिले काम कोणते?

उत्तर : दप्तर ताब्यात घेणे. सगळे पुढे त्यावरच चालते. नवव्या शतकातल्या खस्साफ या हनफी (सुन्नी कायद्याची एक परंपरा) पंडिताने ही रीत बारकाईने लिहून ठेवली आहे. दोन विश्वासू माणसे जुन्या काझीकडे जात. सुनावणीच्या नोंदी, निकालपत्रे, वक्फाचे कागद, अनाथांच्या पालकांचे हिशेब असे गठ्ठे वेगवेगळे करून थैल्यांत भरत आणि त्यांवर मोहोर करत.

मग तुरुंग. कैद्याचे नाव, कारण आणि ज्याच्या दाव्यावरून तो आत आहे त्याचे नाव, अशी यादी होई. एकेकाला समोर आणून विचारत. त्याने देणे कबूल केले आणि सावकार अडून बसला, तर कैद कायम. ‘मला विनाकारण डांबले’ असे तो म्हणाला, तर त्याच्या फिर्याद्याने पुढे यावे म्हणून दवंडी पिटत. कोणीच आले नाही, तर जामीन घेऊन त्याला सोडत. इथे एक नियम फार महत्त्वाचा होता : पदावरून उतरलेल्या काझीचा शब्द साध्या माणसाइतकाच. ‘याला मीच कैद केले, देणे खरे आहे’ एवढे त्याने सांगून भागत नसे, साक्षीदार लागत. कैद्याच्या दृष्टीने याहून मोठे संरक्षण मला तरी दिसत नाही.

साक्षीदार हाच साऱ्या व्यवस्थेचा कणा, आणि दुखरी जागाही तीच. पुरावा वादीने द्यायचा. नसेल तर नाकारणाऱ्या प्रतिवादीला शपथ. पैशाच्या दाव्याला दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया. नुसता कागद सहसा पुरत नसे, म्हणून साक्षीदाराच्या चारित्र्याची चौकशी होई. त्यासाठी काझी खास माणूस ठेवी. कालांतराने पडताळलेल्या साक्षीदारांची कायम यादीच झाली. काम भराभर उरकू लागले, पण यादीत कोण हे ठरवणाऱ्याच्या हाती भलतीच ताकद गेली.

प्रश्न : प्रतिवादी दुसऱ्या शहरात असेल तर?

उत्तर : काझीने काझीला पत्र लिहायचे. समजा, साक्षीदार निशापूरला आणि प्रतिवादी बगदादला. निशापूरचा काझी साक्ष नोंदवी, पत्र दोन माणसांना वाचून दाखवी आणि त्यांच्यादेखत मोहोर करी. ती दोघे पत्रासोबत प्रवास करत. बगदादचा काझी प्रतिवादीला समोर बसवून, आधी त्या दोघांची साक्ष घेऊन मगच पत्र उघडी. हनफी मतानुसार हद्द आणि किसास, म्हणजे ठरावीक शिक्षांचे गुन्हे आणि खून-जखमेचा बदला, यांत असे पत्र चालत नसे. शिवाय पत्र पोहोचण्यापूर्वी ते लिहिणारा काझी मेला किंवा पदावरून गेला, तर पत्र रद्द. वादीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.